खारी बावलीतील नागकेशर

२००३ ते २००५ ही दोन वर्षे आमचे वास्तव्य दिल्लीस होते. बी.ए.एम.एस. होऊन एका औषधनिर्मात्याकडे कच्च्या द्रव्यांच्या खरेदीचे काम आम्ही पत्करले होते; दर आठवड्यास खारी बावली गाठावी लागे. मागील हिवाळ्यात त्या शहरी पुन्हा जाणे झाले, तेही पाहुणे म्हणून. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद आहे. तो चांदणी चौक आम्हांस ओळखूच येईना. मशिदीपलीकडे मात्र तीच पोती, तेच हमाल, तोच मिरचीचा ठसका. पहिल्याच शिंकेसरशी आम्ही पुन्हा तेविशीचे झालो!

येथेच २००४ साली आमच्या हातून एक चूक घडली. कूचा महाजनीतील एका गलाईवाल्या गृहस्थांस, मूळचे सांगलीकडील, रक्तार्शाचा त्रास होता. नागकेशर, लोणी व खडीसाखर हा आपणां सर्वांच्या परिचयाचा योग आम्ही योजिला. तीन आठवडे लोटले, रक्त थांबेना. अखेर त्यांना रुग्णालयात रक्त चढवावे लागले. योगास दोष देण्यापूर्वी आम्ही पोते उघडून पाहिले. आत काळपट, देठासह लवंगेसारखी दिसणारी फळे! ती दालचिनीच्या जातीतील एका वृक्षाची कोवळी फळे होत. शास्त्रोक्त नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर. आपल्याकडे कोकणातील सुरंगीच्या कळ्याही तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात, ते तिसरेच. नाव एक, द्रव्ये तीन. आणि आम्ही केवळ नाव वाचून पैसे मोजले होते.

या खेपेस त्याच दुकानी गेलो. गादीवर आता मुलगा बसतो. नागकेशर मागताच त्याने तिन्ही जिन्नस पुढ्यात ठेवून विचारले, "वैद्यजी, कौनसा?" वडीलही असेच विचारीत का, असे आम्ही म्हटले. तो हसून म्हणाला, "पूछते तो थे, लोग सस्ता वाला उठाते थे." आम्हांस काही बोलवेना. तेव्हा दर पाहून पोते उचलणारे आम्हीच होतो.

पुंकेसराची पुडी घेऊन कूचा महाजनीत गेलो. भट्टीपाशी त्या गृहस्थांचे चिरंजीव भेटले. "बाबा आता गावी विट्याला असतात, तब्येत बरी आहे," म्हणाले आणि चहा मागविला. पुडी आमच्या पिशवीतच राहिली.