तुमच्यातला लांडगा कोणता?

'हॅरी पॉटर'मधले प्रोफेसर लुपिन आठवतात? पौर्णिमेला लांडगा होणारे! त्यांच्या नावात लॅटिन 'लुपुस' म्हणजे लांडगाच दडलाय. पण माझा फेव्हरिट लॅटिन शब्द वेगळा आहे : 'वेर्सिपेल्लिस'.

'वेर्तेरे' म्हणजे उलटणं, बदलणं आणि 'पेल्लिस' म्हणजे कातडी. ज्याची कातडी बदलते तो वेर्सिपेल्लिस. शाळेत 'लंबोदर' सोडवून 'बहुव्रीही समास' लिहायचो ना, तसलंच प्रकरण. शब्दात कातडी, पण बोलणं माणसाबद्दल!

मुळात हे विशेषण, पण बिनधास्त नामाचं काम करतं. आपण 'शहाण्याला शब्दाचा मार' म्हणतो तसं. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच, नपुंसकलिंगी 'वेर्सिपेल्ले', अनेक जण जमले की 'वेर्सिपेल्लेस'. गंमत म्हणजे एकवचनात प्रथमा आणि षष्ठी दोन्हीकडे 'वेर्सिपेल्लिस'च! रूप बदलणाऱ्याचं नाव, आणि स्वतःच बदलायला तयार नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये निकेरोस एक किस्सा सांगतो. चांदण्या रात्री थडग्यांजवळ त्याच्या सोबतचा सैनिक कपडे उतरवतो आणि लांडगा होऊन पळतो. कपड्यांचा दगड होतो. निकेरोस मैत्रिणीकडे पोचतो तर कळतं, लांडग्याने मेंढ्यांचा फडशा पाडला, पण नोकराने त्याच्या मानेत भाला खुपसला. घरी येऊन बघतो, तर सैनिक अंथरुणात आणि डॉक्टर त्याच्या मानेवर उपचार करतोय!

प्लिनीचा मात्र असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. तरी हा शब्द लोकांच्या तोंडी शिवीसारखा बसलाय, हे त्याने नोंदवून ठेवलं.

या दोघांच्याही अडीचशेएक वर्षं आधी नाटककार प्लाउटुसने हाच शब्द वापरला होता. त्याच्या एका नाटकात ज्युपिटर देव दुसऱ्याच्या बायकोसाठी तिच्या नवऱ्याचं रूप घेतो. दुसऱ्या नाटकातला चतुर गुलाम तर म्हणतो, डोकं असलेल्या माणसाने वेर्सिपेल्लिस असावंच; चांगल्याशी चांगलं, वाइटाशी वाईट.

म्हणजे एकाच शब्दात लांडगा, शिवी आणि स्किल! ऑफिसातही तेच की. क्लायंटसमोर वेगळे, टीममध्ये वेगळे, घरी आणखी वेगळे... याला अॅडजस्ट होणं म्हणायचं की दुतोंडीपणा? मला निकेरोसची कसोटी पटते. त्या रात्रीनंतर तो त्या सैनिकाबरोबर एक घास खायला तयार नव्हता. कातडी खुशाल बदला, पण तुमच्याबरोबर डबा खावासा वाटला पाहिजे, एवढं बघा!