डोळ्यांपुढे माशा दिसतात? शिबिराची वाट कधी पाहू नये

कुडपणहून डोळे दाखवायचे म्हणजे घाट उतरून पोलादपूर, तिथे भागले नाही तर महाड. दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आपल्या वस्त्यांत डोळ्यांची तक्रार 'शिबिर लागेल तेव्हा बघू' म्हणत मागे पडते. मोतीबिंदू हळूहळू वाढतो. त्यात चार दिवस थांबणे चालते. पण एका तक्रारीत थांबणे डोळ्यावर बेतते. ती आम्ही इथे सांगत आहोत.

आभाळाकडे पाहताना ठिपके, धागे, माशा तरंगताना दिसतात. डोळा फिरवला की त्याही सरकतात. डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक गर असतो. वयानुसार तो पातळ होतो, त्यात गुठळ्या धरतात आणि त्यांची सावली आतल्या पडद्यावर पडते. पन्नाशीनंतर हे पुष्कळांना होते. दोन-चार ठिपके वर्षानुवर्षे तेवढेच असतील तर घाबरू नये. पुढच्या तपासणीत सांगावे.

मात्र पुढीलपैकी एकही झाले तर त्याच दिवशी निघावे :

• अचानक खूप नवे ठिपके, काजळी उडाल्यासारखे
• डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा उजेड
• एका बाजूने काळी सावली सरकत येणे
• नजर एकाएकी कमी होणे
• डोळ्याला मार लागल्यावर ठिपके दिसणे

गर सुटताना कधी पडदा फाटतो. फटीतून पाणी मागे शिरते आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. नुसती फट असेल तर बहुधा लेसरने भागते, त्याच दिवशी घरी येता येते. पडदा सुटला तर मोठे ऑपरेशन लागते आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. यात डोळा दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

जवळचे पाहण्याचा जाड चष्मा नव्हे, तर लांबचे न दिसणारा मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूचे झालेले ऑपरेशन, घरात कुणाचा पडदा सुटलेला असणे, यांत धोका जास्त. साखरेच्या आजारात डोळ्यात रक्त उतरूनही ठिपके दिसतात.

आपल्या ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून पाहायला सांगा. चष्म्याच्या दुकानात पडद्याची तपासणी होत नाही. नेत्रतज्ज्ञांना 'थेंब टाकून पडदा तपासा' असे स्पष्ट सांगा. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कुणी न्यावे, मोटारसायकल चालवू नये. ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते रुग्णालयात विचारावे.

मध, गुलाबपाणी यांचा पडद्याला उपयोग नाही. बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते.