श्रीलंकेतलं पेट्रोल का संपलं होतं? तीन निर्णय आणि एक संकट

मार्च 2022. श्रीलंकेत पेट्रोल आणि गॅससाठी लांबच लांब रांगा होत्या. रोज 13 तासांपर्यंत वीज जात होती. छपाईला कागद नाही म्हणून काही शाळांच्या परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या.

कोरोनामुळे पर्यटन थांबलं, हे त्याचं एक कारण. पण तो फटका अनेक देशांना बसला. मग श्रीलंकाच इतकी का कोसळली?

1. कर घटवले
डिसेंबर 2019 मध्ये नव्या सरकारने व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. सरकारची कमाई आटली, खर्च मात्र सुरूच राहिला. देशाची पत घसरली आणि परदेशातून नवं कर्ज मिळेनासं झालं.

2. नोटा छापल्या
तूट भरून काढायला मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसा पुरवला. बाजारात रुपये वाढले, वस्तू वाढल्या नाहीत.

3. डॉलरचा दर बांधून ठेवला
रुपये वाढले की त्यांची किंमत घसरते. पण बँकेने डॉलरचा दर 200 रुपयांच्या आसपास रोखून धरला. काळ्या बाजारात जास्त भाव मिळत असल्याने परदेशात काम करणारे लोक हवालामार्गे पैसे पाठवू लागले. बँकांमध्ये डॉलर येईनात. 2019 अखेरीस परकीय गंगाजळी 7 अब्ज डॉलरहून जास्त होती. ती जवळपास रिकामी झाली. इंधन, औषधं आणायला डॉलरच उरले नाहीत.

मार्च 2022 मध्ये दर मोकळा सोडताच रुपया कोसळला. मे महिन्यात डॉलर 360 रुपयांवर गेला. एप्रिलमध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली होती. सप्टेंबरमध्ये महागाई सुमारे 70 टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे वर्षभरापूर्वी 100 रुपयांना मिळणाऱ्या सामानाला 170 रुपये लागू लागले.

मग देश सावरला कसा?
तिन्ही निर्णय उलटे फिरवून. व्याजदर एकाच वेळी 7 टक्के अंकांनी वाढवले. व्हॅट टप्प्याटप्प्याने 18 टक्क्यांवर नेला. मध्यवर्ती बँकेने सरकारी तूट भरण्यावर 2023 मध्ये कायद्याने बंदी आणली. त्याच वर्षी नाणेनिधीने सुमारे 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जुलै 2023 पर्यंत महागाईचा दर 10 टक्क्यांखाली आला.

पण महागाईचा दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. वाढलेले भाव तसेच राहिले. करकपातीचा फायदा 2019 मध्ये लगेच दिसला होता. त्याची किंमत अडीच वर्षांनी मोजावी लागली, आणि सर्वांत जास्त झळ बसली ती हातावर पोट असणाऱ्यांना.