उगवणारं चित्र
(लेखमाला ‘भूमी हाच फलक’ : भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण राजापूर तालुक्यात, कशेळीच्या सड्यावर होतो. जांभ्यात कोरलेला तो सुमारे अठरा मीटरांचा हत्ती आणि त्याच्या पोटातले मासे नि जनावरं हजारो वर्षं तिथंच आहेत. आता घाट चढून आपल्याकडे, मराठवाड्यात येऊ. परभणी, लातूर, धाराशिवच्या या पट्ट्यात चित्रकाराच्या हाताशी आहे ती काळी माती. तिच्यावर काढलेलं चित्र ती फार दिवस धरून ठेवत नाही. पण कातळाला न जमणारी एक गोष्ट ती करते, ते चित्र ती उगवून देते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवजयंतीला निलंग्यात मंगेश निपाणीकर यांनी सुमारे सहा एकरांवर शिवाजी महाराजांची हिरवी प्रतिमा साकारली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये शरद पवारांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त कळंब तालुक्यातल्या निपाणी गावच्या शेतात त्यांनी धान्य पेरून पवारांचा चेहरा उमटवला. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती किती एकर, किती चौरस फूट याची. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते बियाणं.

अशा कामाला अळिवासारखं बी दुसरं नाही. बाळंतिणीच्या लाडवांमुळे ते घराघरांत माहीत आहे. पाणी लागताच प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर चढतो आणि दाणा ओल्या मातीला चिकटून बसतो. त्यामुळे तो खोल पुरावा लागत नाही, वाऱ्यानं सरकत नाही, रेघ जिथं टाकली तिथंच राहते. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, आठवड्याभरात दाट हिरवा पट्टा तयार होतो. कागदावरच्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी शेतात दोरी लावून पाडायच्या, फक्कीनं रेघा ओढायच्या आणि मग पेरायचं. पाणी मात्र फवाऱ्यानंच द्यायचं. पाट सोडला तर बियाण्यासोबत चेहराही वाहून जाईल. मेथी, गहू, ज्वारी यांची पानं वेगळी, हिरवा रंग वेगळा, वाढीचा वेग वेगळा. छटा मिळतात त्या यातूनच. काळी माती ओलीनं फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून दोन पाण्यांतलं अंतर चुकलं की गालावरून तडा गेलाच म्हणून समजा.

हे कसब मोठं आहे, यात शंका नाही. तरी एक गोष्ट मला सलते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे नुसते हिरवे पट्टे असतात, चेहरा दिसतो तो ड्रोनला. जपानमधल्या इनाकादाते गावानं १९९३ पासून भातशेतीत चित्रं काढताना यावर उपाय शोधला. पाहायला मनोरा केला आणि त्या उंचीवरून प्रमाणात दिसावं म्हणून चित्रच हिशेबानं ताणून आखलं. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसननं १९७० मध्ये युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सुमारे पंधराशे फुटांची दगडमातीची सर्पिल वाट बांधली. तिचा दगड बेसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनचाच काळा दगड. त्या वाटेवरून चालता येतं. काही वर्षांतच तळ्याचं पाणी चढलं आणि ती बुडाली, दुष्काळात पाणी ओसरलं तेव्हा पुन्हा वर आली. स्मिथसनच्या कामात तळ्यालाही वाटा मिळाला. आपल्याकडच्या प्रतिमांमध्ये शेताला तसा वाटा मिळावा, ते नुसता कागद होऊन राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि परभणी जिल्ह्यात त्याची तयारी आधीपासूनच आहे. रब्बीत ज्वारी किंवा हरभऱ्यासोबत करडईच्या ओळी धरायची आपली जुनी रीत आहे. जनावरं आत शिरू नयेत म्हणून कडेनंही काटेरी करडई पेरतात. म्हणजे पट्टे आणि चौकटी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आखतोच आहे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ ज्वारी आणि ‘परभणी कुसुम’ करडई हे वाणही हाताशी आहेत. दसऱ्याच्या आसपास अशी पेरणी एखाद्या चित्रकारानं शेतकऱ्याशेजारी बसून आखली, मधून पायवाट ठेवली, तर काय होईल? डिसेंबरात नुसती हिरवी नक्षी. पुढे ज्वारीची कणसं डोक्याच्या वर, हरभरा गुडघ्याशी आणि त्यांच्यामध्ये करडईची पिवळी-केशरी फुलं. चालणाऱ्याला चित्र आतून दिसेल आणि एका चेहऱ्यासाठी शेतकऱ्याचा हंगामही वाया जाणार नाही. पेरण्या मागेपुढे झाल्या तर काढण्याही मागेपुढे होतील, आणि एकेक रंग खळ्यावर जाईल.

पुढच्या भागात इनाकादातेच्या भातखाचरांत जाऊ. वेगवेगळ्या रंगांच्या पानांची भातं एकाच चिखलात कशी लावतात, ते तिथं नीट पाहता येईल.