भरतीरेषेपासून वनच्छायेपर्यंत

पायी हिंडण्याची हौस म्हणजे गड चढण्याची आणि कडे ओलांडण्याची हौस, हा समज महाराष्ट्रात इतका रूढ आहे की, जिच्यावर दम लागत नाही आणि जिच्यावरून आजी नातवंडांचा हात धरून जाऊ शकते, अशी वाट आपण सहसा जमेसच धरीत नाही. सृष्टिविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा हिशेब उलट मांडावा लागतो. चढणीवर धापा टाकणाऱ्याचे सारे लक्ष स्वतःच्या पावलांत गुंतलेले असते. ज्याचा श्वास स्थिर आहे त्याला थांबण्याची, वाकून न्याहाळण्याची, पाहिलेल्या गोष्टीचे कारण शोधण्याची सवड मिळते. शिवाय सोपी वाट पुन्हा पुन्हा चालता येते, आणि सृष्टीचे नियम एका दर्शनात क्वचितच उमगतात. कोकणात अशा वाटा विपुल आहेत. त्यांपैकी रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्याचा, काशीदच्या पुळणीपासून फणसाडच्या अरण्यापर्यंतचा टापू नमुन्यादाखल घेण्याजोगा आहे; कारण सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या मानाने ठेंगण्या असलेल्या या डोंगरांत सागर आणि वन ही दोन राज्ये अगदी हद्दीला हद्द लावून नांदतात.

पुळणीवर जावे ते ओहोटीची वेळ साधून. या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती येते, आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडत असल्यामुळे आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत येऊन उधाण येते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच ओहोटीला दूर हटते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हीच ये-जा पुष्कळ आखडते. उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर मोहरीहून थोड्या मोठ्या अशा गोळ्यांच्या रांगा एखाद्या बिळाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या दिसतात. ही एका चिमुकल्या खेकड्याची कामगिरी होय. वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म शैवाल आणि सेंद्रिय अंश हे त्याचे अन्न. तो चिमट्यांनी वाळू तोंडाशी नेतो, त्यातले खाण्याजोगे तेवढे मुखावयवांनी गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरती परतली की तो बिळात जातो आणि लाटा त्याचे सारे काम पुसून टाकतात. पुढच्या ओहोटीला तोच उद्योग नव्याने आरंभतो.

भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या पेरापेराला मुळ्या फुटतात, आणि वाऱ्याने उडून जाणारी वाळू या मुळ्यांच्या जाळ्यात अडकून स्थिर होते. नंतरच्या झाडाझुडपांना पाय रोवता येतो तो या वेलीच्या पुण्याईने. तिच्या मागे सुरूचे बन. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया या मुलखांतून आलेला हा वृक्ष आपल्या किनाऱ्यावर मनुष्याने लावला. त्याची खाली पडलेली एखादी हिरवी काडी उचलून सांध्यापाशी अलगद ओढावी, म्हणजे तिचे पेर सुटते आणि सांध्याभोवती बारीक दातांचे एक कडे दिसते. ते दात हीच सुरूची खरी पाने. ज्यांना आपण पाने समजतो त्या वस्तुतः हिरव्या डहाळ्या आहेत. खाऱ्या वाऱ्यात बाष्पोत्सर्ग आवरावा म्हणून पानांचा विस्तार इतका संकुचित झाला आहे. मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून देतात, म्हणून निःसत्त्व वाळूतही हा वृक्ष पोसला जातो.

दक्षिणेला राजपुरीच्या खाडीकाठी गेल्यास मिठाचा प्रश्न दुसऱ्या रीतीने सुटलेला आढळतो. तेथील तिवराचे पान उन्हात निरखून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, आणि जिभेच्या टोकाला त्याचा खारटपणा स्पष्ट जाणवतो. मुळांवाटे आत आलेले जादा मीठ हे झाड पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकते. चिखलात प्राणवायूचा तुटवडा असल्यामुळे त्याची श्वसनमुळे जमिनीबाहेर उभी राहतात. कांदळाचे बीज तर मातृवृक्षावर असतानाच रुजते आणि लांबट कोंब होऊन मगच चिखलात उतरते.

किनाऱ्याकडे पाठ करून फणसाडच्या डोंगरात शिरले, की मिठाचा अंमल संपून पाण्याचा अंमल सुरू होतो. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या अमदानीत हे रान शिकारीसाठी राखीव होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या बंदोबस्ताचा हेतू शिकार हा होता, त्याच बंदोबस्तामुळे पुढे वृक्ष आणि प्राणी यांचे रक्षण झाले, ही इतिहासाने केलेली मोठीच कृपा म्हटली पाहिजे. सुपेगावाकडून आत जाणाऱ्या वाटा बहुतांशी रुंद आणि मंद चढाच्या आहेत. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून सकाळी लवकर निघावे.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून घडलेला पाषाण येथे पायाखाली आहे. माळावर त्याच्यावरील मातीचा थर पातळ असल्याने पावसाळ्याच्या चार महिन्यांत बरसलेले पाणी तेथे ठरत नाही, आणि उरलेल्या आठ महिन्यांत केवळ गवताचाच निभाव लागतो. उतारावर माती वाढते तसे ऐन आणि किंजळ येतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल पाहून ऐन दुरूनही ओळखता येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे वृक्ष पाने गाळून पाण्याचा खर्च थांबवितात. दरीच्या तळाशी, जेथे ‘गाण’ म्हणून ओळखले जाणारे पाणवठे टिकून राहतात, तेथे जांभूळ, अंजनी यांसारखी सदाहरित झाडे ऐन वैशाखातही गर्द सावली धरून असतात. फर्लांग-दोन फर्लांगांच्या अंतरात हे तिन्ही देखावे पालटतात, आणि त्यांचे कारण जमिनीतील ओलाव्यावाचून दुसरे नाही.

या छायेत शेकरू हे आपल्या राज्याचे मानचिन्ह असलेले प्राणिरत्न वावरते. ते जमिनीवर क्वचितच उतरते, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत जाते. म्हणून त्याला नुसती झाडे पुरत नाहीत, फांदीला फांदी भिडलेले अखंड छत लागते. मधली चार झाडे तुटली तर त्याचा रस्ताच तुटतो.

याच छतावर गारंबीचा प्रचंड वेल चढलेला असतो. त्याची शेंग एक मीटरहूनही लांब भरते, आणि तिच्यात तळहाताच्या खळग्यात मावेल अशी गोल, चपटी, गुळगुळीत, तांबूस-तपकिरी बी असते. हिच्या आत दोन दलांच्या मध्ये पोकळी असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते, आणि कठीण कवचामुळे मीठपाणी आत शिरत नाही. पावसाळ्यात ओढ्यात पडलेली बी खाडीत, खाडीतून समुद्रात जाते, प्रवाहांबरोबर महिनोन् महिने भटकून परक्या किनाऱ्यावर लागते आणि तेथेही रुजू शकते. सागर आणि वन यांचे दप्तर निरनिराळे ठेवण्याची आपली पद्धत सृष्टीला मान्य नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

म्हणूनच आमची अशी निकडीची विनंती आहे की, किनाऱ्यालगतच्या प्रत्येक शाळेने गावाजवळची एक सोपी वाट आपली म्हणून निवडावी. तिच्यावरून विद्यार्थ्यांनी दर महिन्याला एकदा शिक्षकांबरोबर चालावे; वाटेवरची दहा-बारा झाडे ठरवून त्यांना पालवी कधी फुटली, मोहोर कधी आला, पाने कधी गळली, ओढा कोणत्या आठवड्यात आटला, याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. काही तोडू नये, काही टाकू नये, आरडाओरड करू नये. यास खर्च नाही, साहसही नाही; वडीलधाऱ्यांनाही सोबत घेता येते, आणि कोणते झाड पूर्वी केव्हा फुलत असे हे त्यांच्याकडून विचारून घेता येते. पाऊस आणि उष्मा यांचे मान बदलत चालले असताना अशी वीस वर्षांची एक वही गावाच्या निसर्गाचा अस्सल दस्तऐवज ठरेल, आणि तो तयार करण्याचे सामर्थ्य दुर्गम कड्यांपेक्षा घरामागच्या सोप्या पायवाटेतच अधिक आहे.