अग्निदग्ध दगडी घरांचे पुनःस्थापन

आगीने, धुराने व आग विझविताना वापरलेल्या पाण्याने नुकसान पोचलेल्या जुन्या दगडी घरांचे मूळ साहित्य व स्वरूप शक्य तितके राखून ती पुन्हा वास्तव्यास योग्य करण्याच्या प्रक्रियेस ‘अग्निदग्ध दगडी घरांचे पुनःस्थापन’ असे म्हणता येईल. महाराष्ट्रातील वाडे, कोकण व गोव्यातील जांभ्याची घरे, तसेच यूरोपातील दगडी निवासस्थाने यांच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उद्‌भवतो. अशा घरांत दगड जळत नाही. जळते ते छप्पर, तुळया, कडीपाट, जिने व दारे-खिडक्या. त्यामुळे आगीनंतर काळवंडलेल्या पण उभ्या असलेल्या भिंती शिल्लक राहतात. त्या वाचविण्याजोग्या असूनही पुष्कळदा घाईने पाडल्या जातात. आगीने केलेल्या हानीपेक्षा आगीनंतरच्या काही महिन्यांतील चुकीच्या उपायांनी झालेली हानी कित्येकदा अधिक असते.

दगडावरील परिणाम : दगड उष्णतेचा मंद वाहक आहे. त्यामुळे भिंतीचा पृष्ठभाग अतितप्त झाला, तरी सामान्यतः काही सेंमी. खोलीपर्यंतच गंभीर परिणाम होतो. तप्त पृष्ठभाग व थंड गाभा यांच्या प्रसरणातील तफावतीमुळे दगडाचे पापुद्रे सुटतात व कोपरे उडतात. त्यावर एकदम पाण्याचा मारा झाल्यास तडे अधिक जातात. वालुकाश्म व ग्रॅनाइट यांतील क्वॉर्ट्झ या खनिजाची स्फटिकरचना ५७३° से. तापमानास बदलते व ते एकाएकी प्रसरण पावते. त्यामुळे हे दगड आतून खिळखिळे होतात. चुनखडकातील कॅल्साइटाचे सु. ६००° से.च्या पुढे विघटन होऊ लागते व कळीचा चुना तयार होतो. पुढे पाणी लागल्यावर तो फुगून भुगा होतो. ज्या दगडांत लोहाची जलयुक्त ऑक्साइडे असतात, ते सु. २५०° ते ३००° से. तापमानास गुलाबी किंवा लालसर होतात. हा रंगबदल कायमचा असतो. तो किती खोल गेला आहे हे पाहून आगीची तीव्रता अजमावता येते. जांभ्यातही लोह व ॲल्युमिनियम यांची जलयुक्त संयुगे विपुल असल्याने तो तापल्यावर पाणी गमावतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात (बेसाल्टात) क्वॉर्ट्झ जवळजवळ नसल्याने तो आगीस तुलनेने चांगला टिकतो.

पुण्याचा शनिवारवाडा हे याचे ठळक उदाहरण होय. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत त्याचे लाकडी मजले नष्ट झाले. परंतु तटबंदी, दरवाजे व दगडी जोती आजही उभी आहेत.

लाकडावरील परिणाम : वाड्यातील जाड सागवानी तुळई बाहेरून पूर्ण काळी झालेली दिसली, तरी ती निकामी झालेलीच असते असे नाही. लाकूड पेटल्यावर त्यावर कोळशाचा थर जमतो व तो आतील भागाचे रक्षण करतो. हा थर मिनिटाला सु. अर्धा ते पाऊण मिमी. या गतीने आत सरकतो. म्हणजे ३० सेंमी. रुंदीच्या तुळईच्या दोन्ही बाजू तासभर जळल्या, तर सु. २१ ते २४ सेंमी. रुंदीचे निकोप लाकूड शिल्लक राहते. मात्र आकारमान घटते त्यापेक्षा भार पेलण्याची क्षमता अधिक घटते. म्हणून कोळसा खरवडून शिल्लक छेद मोजणे व त्यावरून गणित करणे आवश्यक असते. याउलट, नंतरच्या दुरुस्तीत बसविलेल्या पोलादी तुळया जळत नसल्या, तरी सु. ५५०° से. तापमानास त्यांचे बळ निम्म्याच्या आसपास येते. त्या प्रसरण पावून भिंतींना बाहेर लोटतात.

तातडीचे उपाय : आग विझल्यावर प्रथम भिंतींना टेकू देणे, उघड्या पडलेल्या माथ्यांवर तात्पुरते छप्पर घालणे आणि कडीपाटावरील माती उतरविणे ही कामे करावी लागतात. कडीपाटावरील माती-मुरुमाचा थर पाणी शोषून जड होतो आणि अर्धवट जळालेल्या कड्या त्या भाराने नंतरही कोसळतात. ढिगारा सरसकट उपसून टाकू नये. घराच्या आराखड्यावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीतील अवशेष वेगळे ठेवल्यास कोरीव खांब, महिरपींचे तुकडे, बिजागऱ्या व कड्या मूळ जागी बसविता येतात. छायाचित्रे व मोजमापे याच वेळी घ्यावी लागतात.

परीक्षण : दगडावर लहान हातोडीने ठोकून पाहणे ही गवंड्यांची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. निकोप दगड खणखणीत वाजतो. आतून पापुद्रा सुटलेला दगड बद्द वाजतो. भिंतीचा ओळंबा पाहणे, दरजांतील चुना नखाने वा खिळ्याने खरवडून पाहणे आणि आवश्यक तेथे बारीक गाभे काढून तपासणे या पुढील पायऱ्या होत. केवळ काळेपणावरून भिंतीचे भवितव्य ठरविणे चुकीचे असते. काजळी बहुधा कमी तापलेल्या भागावर साचते, तर सर्वाधिक तापलेल्या जागी ती जळून जाऊन दगड उलट स्वच्छ दिसतो.

धुराचे निवारण : काजळीत कार्बनाच्या सूक्ष्म कणांबरोबर डांबरी व अम्लधर्मी द्रव्ये असतात. प्रथम पाणी मारल्यास ती दगडाच्या छिद्रांत खोल उतरतात. म्हणून आधी निर्वात झाडणीने कोरडी काजळी ओढून घेणे, नंतर कोरड्या रबरी स्पंजाने पुसणे आणि उरलेल्या डागांवर शोषक लेप लावून ते खेचून घेणे असा क्रम पाळतात. वाळूचा मारा व तीव्र अम्ले यांनी पाथरवटाच्या टाकीच्या खुणा नष्ट होतात. काजळीवर तसाच चुना फिरविल्यास डाग व वास काही दिवसांत पुन्हा वर येतात. आधुनिक घरांतील पीव्हीसी प्लॅस्टिक जळाल्यास हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ निघते. ती चुन्याशी संयोग पावून आर्द्रताशोषक क्लोराइडे बनतात व भिंत सतत ओलसर राहते, लोखंडही गंजते.

सुकविणे व दुरुस्ती : जाड दगडी भिंती फार सावकाश सुकतात. २.५ सेंमी. जाडीस सु. एक महिना असा ढोबळ ठोकताळा मानल्यास ६० सेंमी. जाडीच्या भिंतीस दोन वर्षे लागू शकतात. या काळात खेळती हवा हवी. प्रखर उष्णता देऊन सुकविल्यास विद्राव्य लवणे पृष्ठभागी येऊन दगड झडतो. ओलावा २० टक्क्यांहून अधिक राहिलेल्या लाकडास बुरशी लागते. या अवस्थेत सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत घातक चूक होय. सिमेंट ओलावा आत कोंडते आणि मऊ चुन्याच्या बांधकामापेक्षा कठीण असल्याने दगडाच्या कडा फोडते. दरजा चुन्यानेच भराव्यात, भिंतीच्या गाभ्यातील पोकळ्यांत पातळ चुना सोडावा आणि भार पेलण्यास असमर्थ ठरलेलेच दगड बदलावेत. व्हेनिस सनदेनुसार (१९६४) पुनःस्थापन पुराव्यावर आधारलेले असावे व जेथे केवळ कल्पना सुरू होते तेथे ते थांबावे.

काही उदाहरणे : १८७९ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला, लोकवर्गणी व नगरपालिका यांच्या साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला. इंग्लंडमधील विंझर किल्ल्यातील राजनिवासास २० नोव्हेंबर १९९२ रोजी आग लागली. ती विझविण्यासाठी सु. १५ लक्ष गॅलन पाणी वापरल्याने भिंती सुकविणे हेच एक मोठे काम ठरले. १९९७ मध्ये पुनःस्थापन पूर्ण झाले व सेंट जॉर्ज दालनाचे छप्पर ओकच्या लाकडात नव्याने घडविण्यात आले. पॅरिसचे नोत्रदाम हे निवासस्थान नव्हे. तथापि १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर तेथेही ढिगाऱ्याची वर्गवारी, दगडांचे परीक्षण व हाताने तासलेल्या ओकची नवी छप्परचौकट हाच मार्ग अनुसरण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

सामान्य वाड्यास असे आर्थिक पाठबळ लाभत नाही. आगीनंतर तो धोकादायक ठरतो, रहिवासी विखुरतात आणि मालक व भाडेकरू यांच्या वादात छप्पराविना दोन-तीन पावसाळे जातात. आगीतून वाचलेली भिंत मग पाण्याने ढासळते. पहिल्या पावसाळ्यापूर्वी घातलेले साधे पत्र्याचे छप्पर हा अशा घराच्या पुनःस्थापनातील सर्वांत कमी खर्चाचा, पण सर्वांत निर्णायक उपाय होय.