पत्ते वाचले, आता डाव वाचवू या

स्पर्धा जिंकलेल्या पत्त्यांच्या जोडाची नक्कल संग्रहासाठी विकत मिळते, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना नवल वाटेल. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवडून आपला जोड स्वतः बांधतो, त्यामुळे निम्मा डाव त्या निवडीतच असतो. १९९६ साली न्यूयॉर्कला या खेळाची पहिली ‘प्रो टूर’ स्पर्धा झाली आणि तिच्यातले आठ जोड कंपनीने छापून विकले. त्या पत्त्यांना सोनेरी किनार आहे, पाठ वेगळी आहे आणि खेळाडूची सहीही छापलेली आहे. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेतले साठ पत्त्यांचे निवडक जोडही २००४ पासून असेच निघू लागले. अधिकृत स्पर्धेत हे पत्ते चालत नाहीत. तरीही त्यांना मोल आहे, कारण असे दोन जोड घेऊन दोघे समोरासमोर बसले की नामवंत खेळाडूंनी रचलेले डाव घरी पुन्हा खेळून पाहता येतात. नकलेचे खरे सार्थक यातच आहे.

हीच कसोटी आपल्या सावंतवाडीच्या गंजिफेला लावून पाहावी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण १२० गोल पाने होतात. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे असतात, ते मोजायचे आणि पान ओळखायचे. ही कला मरणपंथाला लागली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला हाताशी धरून ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढे होऊनही गंजिफा आज बहुतेक भेटवस्तू म्हणून किंवा भिंतीवरच्या चौकटीत दिसते. चित्र वाचले, पण खेळणारे विरळाच उरले.

या खेळातली गंमत चित्रात दिसत नाही. तिघांना चाळीस-चाळीस पाने वाटली जातात आणि हुकूम नसतो. पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आहे त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणाराच जिंकतो. घनसावंगीसारख्या गावात मेंढीकोट खेळणाऱ्या चौकडीला हे समजायला एक संध्याकाळ पुरे, पण कुणीतरी समजावले पाहिजे. म्हणून प्रत्येक संचासोबत मराठीतले नियम आणि पहिल्या उतारीपासून शेवटच्या हातापर्यंत मांडून दाखवलेला एक डाव द्यावा.

यावर आक्षेप असा की हाताने रंगवलेली महागडी पाने पिसून कोण खराब करील? शंका रास्त आहे. म्हणूनच छापील, स्वस्त आवृत्ती हवी, आणि तिच्या पाठीवर ती नक्कल असल्याचे स्पष्ट दिसावे. सोनेरी किनारीने मॅजिकमध्ये हेच साधले: अस्सल पत्त्याशी गल्लत होत नाही आणि खेळही अडत नाही. दुसरा आक्षेप कारागिराच्या पोटाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. छापील संचाने हाताची मागणी घटेल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. त्यासाठी छापील संचाच्या विक्रीतला ठरावीक वाटा चित्रकारांना मिळालाच पाहिजे. पण मागणी रुचीतून येते. ज्याने डाव खेळला आहे, त्यालाच एकेका पानावरची मेहनत कळते आणि पुढे तोच हाताचा संच मागतो. केवळ शोभेची वस्तू फॅशनबरोबर मागे पडते, खेळ मात्र माणसे एकमेकांना शिकवत राहतात. पन्नास वर्षांपूर्वी सावंतवाडीने कारागीर वाचवला. आता खेळणारे घडवण्याचे काम उरलेल्या महाराष्ट्राने अंगावर घ्यायला हवे.